तीन तिघाडा, काम बिघाडा… तेही दीड चमचा रक्तात!

दीड चमचा रक्त. मोजून ७.५ मिलिलिटर. त्यात लाल पेशी किती? सुमारे ३७ अब्ज! अख्ख्या पृथ्वीची लोकसंख्या, तीही साडेचार वेळा. आता या गर्दीतून तीन चेहरे शोधून काढा पाहू. अशक्य वाटतं ना? पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते खरंच शोधतात, आणि सापडतातही!

हे चेहरे म्हणजे सर्क्युलेटिंग ट्यूमर सेल्स, थोडक्यात सीटीसी. मूळ गाठीतून सुटून थेट रक्ताच्या हायवेला लागलेल्या कॅन्सरपेशी.

माहीत आहे का, या पेशी पहिल्यांदा कधी दिसल्या? १८६९ साली! ऑस्ट्रेलियातले डॉ. थॉमस ॲशवर्थ कॅन्सरनं गेलेल्या एका रुग्णाचं रक्त मायक्रोस्कोपखाली बघत होते. गाठींमध्ये दिसल्या तशाच पेशी रक्तातही! त्याच वर्षी पोरबंदरला गांधीजी जन्मले. म्हणजे शोध किती जुना, बघा.

मोजणीचं मशीन मात्र २००४ मध्ये आलं. ‘सेलसर्च’ला अमेरिकेच्या एफडीएनं आधी स्तनाच्या कॅन्सरसाठी हिरवा कंदील दिला. मोठ्या आतड्याचा नंबर लागला २००७ मध्ये.

पकडतात कसं? लोहचुंबकानं! लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर अँटिबॉडी चढवतात. ती ‘एपकॅम’ नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटते. रक्तपेशींवर हे प्रथिन नसतं, आतड्यातून निघालेल्या पेशीवर असतं. चुंबक लावला की पेशी ओढली गेलीच. याला म्हणतात खरं चुंबकीय आकर्षण! आणि गंमत म्हणजे एपकॅमचा शोध १९७९ मध्ये लागला तोच मुळी आतड्याच्या कॅन्सरमध्ये. चोरानं आपला ठसा आपणच ठेवला होता.

पुढे ओळख परेड. पेशीत केंद्रक हवं, केराटिन या प्रथिनाला लावलेला रंग चमकायला हवा, आणि पांढऱ्या पेशींची सीडी४५ ही खूण अजिबात नको. मशीन संशयितांचे फोटो ओळीनं मांडतं. पण ‘हीच ती’ हा शेवटचा शिक्का? तो माणसाच्याच डोळ्यांचा. मला तर हा भाग फार आवडतो.

माहीत आहे का, सुई टोचल्यावर भरणारी पहिली ट्यूब या टेस्टला चालत नाही? सुईबरोबर कातडीच्या पेशी आत येतात. त्यांच्यातही केराटिन असतं, म्हणजे फुकटचा गोंधळ. म्हणून मान दुसऱ्या ट्यूबचा! खास ट्यूबमधलं हे रक्त बर्फाशिवाय ९६ तास टिकतं.

आता तीनचा हिशेब. स्तनाच्या कॅन्सरमध्ये धोक्याची रेघ ५ पेशींवर. आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ३ वरच! २००८ मध्ये ४३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ३ किंवा जास्त पेशी होत्या, त्यांचं सरासरी आयुष्य इतरांच्या जवळपास निम्मं भरलं. उपचार सुरू झाल्यावर आकडा खाली आला, तर मात्र चित्र सुधारतं.

इथं आकडा इतका लहान का? उत्तर आहे यकृत! आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, आणि हा दणकट फिल्टर बऱ्याच पेशी अडवून ठेवतो. हाताच्या शिरेत पोचतात त्या उरल्यासुरल्या. ऑपरेशनच्या वेळी गाठीजवळच्या शिरेतलं रक्त तपासलं, तर जास्त सापडतात. हा कॅन्सर यकृतात सर्वाधिक पसरतो, त्याचं एक कारण हेच. गुदाशयाच्या खालच्या भागाचं रक्त मात्र यकृताला बायपास करतं. तिथून थेट फुप्फुसाची वाट!

एकटीदुकटी पेशी रक्तात काही तासच तग धरते. घोळक्यानं निघाल्या तर? स्तनाच्या कॅन्सरपेशींवर उंदरांमध्ये प्रयोग झाले. घोळक्याची नवी गाठ रुजवण्याची ताकद एकट्या पेशीच्या २३ ते ५० पट निघाली. बापरे!

आणि ही बातमी आपल्या पुण्याची! ॲक्टोरियस या पुणेरी कंपनीनं ‘ऑन्कोडिस्कव्हर’ ही सीटीसी टेस्ट बनवली आणि भारताच्या औषध महानियंत्रकांचा परवाना मिळवला. चुंबकी कण आणि एपकॅमची जोडी इथंही आहेच.

फक्त एक गोष्ट नीट वाचा. सेलसर्चची मोजणी कॅन्सर झालेल्यांसाठी आहे, धडधाकट माणसाच्या तपासणीसाठी नाही. सुरुवातीच्या आजारात आकडा बरेचदा शून्यच येतो, म्हणून शून्य म्हणजे क्लीन चिट नव्हे. लवकर पकडायचं तर शौचाची तपासणी आणि कोलोनोस्कोपी. कोलोनोस्कोपीत कॅन्सर होण्याआधीचा पॉलिपसुद्धा तिथल्या तिथे काढता येतो.

तेव्हा शौचातून रक्त गेलं, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरीच मलम लावत बसू नका. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.