ड्रमच्या बुडाची रेघ

लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातलं गाव. मल्लिकार्जुन मंदिरालगत जुनी दगडी पुष्करणी आहे, पण अशा गावांत टंचाईच्या दिवसांत घरोघरी पाणी साठवायला भरवसा असतो तो दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमचा. रिकामा ड्रम उलटा करून पाहा. बुडावरून एक जाडसर सरळ रेघ गेलेली दिसेल. ड्रम कसा बनला, ते ही रेघच सांगते. या पद्धतीला ब्लो मोल्डिंग म्हणतात.

एचडीपीई प्लास्टिकचा दाणा हॉपरमधून तापलेल्या बॅरलमध्ये पडतो. आत फिरणारा स्क्रू तो साधारण 180 ते 220 अंशांवर वितळवून पुढे ढकलतो. डायमधून मऊ, पोकळ नळी खाली लोंबू लागते. ही पॅरिसन. साच्याचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंनी येऊन तिच्यावर मिटतात, खालचं टोक चिमटून बंद करतात. मग आत दाबाची हवा सोडली की नळी फुग्यासारखी फुलते, साच्याच्या थंड भिंतींना चिकटते आणि तिथेच घट्ट होते. बुडावरची रेघ म्हणजे त्या चिमट्याची खूण. बाहेर राहिलेलं प्लास्टिक कापून, दळून पुन्हा वापरतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी कसोटी भिंतीच्या जाडीची. नळीची लांबी तेवढीच राहून व्यास तिप्पट झाला, तर 4 मिलिमीटरची जाडी सव्वा-दीडवर येते. कोपऱ्यात प्लास्टिक सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून तिथं ते सर्वांत पातळ. शिवाय नळी स्वतःच्या वजनानं ताणली जाते, तिचा वरचा भाग बारीक होत जातो. यावर उपाय म्हणजे नळी उतरत असतानाच डायची फट कमी-जास्त करत राहणं. मोठ्या ड्रमला आठ-दहा किलो माल लागतो. तो आधी साठवून एकदम खाली सोडतात, नाहीतर नळी लोंबता लोंबताच बिघडेल.

साचा आखताना म्हणूनच कोपरे गोल घ्यायचे. एचडीपीई थंड होताना दोन टक्क्यांच्या आसपास आकसतं, तेवढा साचा मोठा धरायचा. साचा बहुधा ॲल्युमिनियमचा, कारण तो उष्णता चटकन ओढून घेतो. पण चिमट्याच्या कडेला मार बसतो, तिथं पोलादी तुकडा बसवावा लागतो. नवख्याला वाटतं, आतून साचा आरशासारखा हवा. एचडीपीईसाठी उलट आहे. गुळगुळीत साच्यात हवा अडकून मालावर खड्डे पडतात. म्हणून आतला पृष्ठभाग वाळूच्या माऱ्यानं मुद्दाम खरखरीत करतात आणि हवेला बारीक वाटा ठेवतात. पाण्याच्या वाहिन्यांत तर कंजुषी करूच नये. एका नगाचा बहुतेक वेळ थंड होण्यातच जातो, आणि एक बाजू आधी थंड झाली तर बूड वाकडं होऊन ड्रम डुगडुगतो.

पाण्याच्या पेट बाटलीच्या बुडाला रेघ नसते, मधोमध ठिपका असतो. तिची जाड नळकांडी आधी इंजेक्शननं बनते, मग तापवून, ताणून फुगवतात. छतावरच्या काळ्या टाक्या बहुतेक फिरत्या साच्यात पावडर वितळवून बनतात. तो वेगळा विषय.

शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट या प्लास्टिकचं तंत्र शिकवणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे. जायच्या आधी घरी एक तेलाचा जुना कॅन उभा कापा. फवारणीच्या औषधाचा कॅन मात्र नको. मुठीजवळ, मधोमध, कोपऱ्यात आणि बुडाच्या रेघेवर व्हर्नियर लावा आणि चारही मापं कागदावर शेजारी शेजारी मांडा.