चमकतो तेवढाच कॅन्सर?

"आता ऑपरेशनच्या आधी एक औषध पाजतात, कॅन्सर चमकायला लागतो, डॉक्टर चमकेल तेवढा काढतात. विषय संपला!" मेंदूत गाठ निघालेल्या घरात हे वाक्य हमखास येऊन थडकतं, कधी व्हॉट्सअ‍ॅपवरून, कधी भेटायला आलेल्या पाहुण्यांकडून. चमकण्याची गोष्ट खरी असल्यामुळे विषय संपल्याचीही पटकन पटते. तिथंच सगळा घोळ आहे.

मेंदूतल्या ग्लायोमा नावाच्या गाठींसाठी वापरतात ते द्रव्य म्हणजे ५-एएलए. भूल देण्याच्या साधारण ३ तास आधी ते पाण्यात विरघळवून पाजतात. ते स्वतः चमकत नाही. गाठीच्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनवून साठवतात, आणि सर्जननं मायक्रोस्कोपचा निळा प्रकाश लावला की तो साठा लाल दिसतो, आजूबाजूचा मेंदू निळा. गाठ दाट असते तिथं रंग गडद. कडेकडे जाताना तो फिका गुलाबी होतो आणि मग दिसेनासा होतो. पण रंग संपला म्हणजे कॅन्सर संपला, असं नाही! ग्लायोमाला रेघ मारल्यासारखी कड नसते. तिथं गाठीच्या आणि मेंदूच्या पेशी वरणभातासारख्या कालवलेल्या असतात. गाठीच्या पेशी विरळ झाल्या की चमक डोळ्यांना जाणवत नाही. कमी तीव्रतेचे ग्लायोमा तर बहुतेक वेळा चमकतच नाहीत.

आकडेच हवे असतील तर २००६ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेला वॉल्टर श्टुमर यांचा जर्मनीतला अभ्यास पाहा. ५-एएलए दिलेल्या ६५ टक्के रुग्णांत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली. नेहमीच्या प्रकाशात केलेल्या शस्त्रक्रियेत ३६ टक्के. सहा महिन्यांनंतरही आजार न वाढलेले रुग्ण ४१ टक्के विरुद्ध २१ टक्के. फायदा मोठाच आहे. पण रुग्ण एकूण किती जगले, यात ठोस फरक दिसला नाही. शिवाय बोलण्याचं किंवा हातापायांचं केंद्र चिकटून असेल, तर समोर लाल दिसत असूनही सर्जनला थांबावं लागतं. रंग गाठ दाखवतो. ती काढल्यावर वाचा जाईल का, हे सांगत नाही.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल, तर खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधले, म्हणजे टाटा मेमोरियलचेच, न्यूरोसर्जन अलीअसगर मोइयादी आणि आयआयटी मुंबईचे संजीव श्रीवास्तव यांनी सहकाऱ्यासह २०१४ साली 'नेचर रिव्ह्यूज कॅन्सर'मध्ये काय लिहिलं ते बघा: या तंत्रानं शस्त्रक्रियेची पद्धत बदलते आहे, पण हा रामबाण उपाय नव्हे. हे त्यांनी थेट शीर्षकातच म्हटलं होतं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी निदान शीर्षक तरी वाचावं!

उलट बाजूही आहे: चमकलं ते सगळं कॅन्सरच, असंही नाही. पॅफोलासायनिन हे द्रव्य पेशींवरच्या फोलेट रिसेप्टरला चिकटतं. अमेरिकेच्या एफडीएनं ते २०२१ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर केलं. चाचणीतल्या १३४ स्त्रियांपैकी २६.९ टक्के जणींत डोळ्यांना किंवा हाताला न लागलेली किमान एक गाठ त्यानं दाखवली. मात्र काही जणींत चमकलेल्या ठिकाणी कॅन्सर निघालाच नाही. म्हणून अंतिम शब्द पॅथॉलॉजिस्टचाच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

'हे कॅन्सर मारणारं औषध आहे.' नाही. हे गाठ दाखवतं. काढायची ती सर्जननंच.

'सगळं आरपार दिसतं.' नाही. पॅफोलासायनिनसारख्या द्रव्यांचा निअर-इन्फ्रारेड प्रकाशही ऊतींत काही मिलिमीटरच नीट पोचतो, आणि तो डोळ्यांना नाही, कॅमेऱ्याला दिसतो.

'आयसीजी म्हणजे हेच.' नाही. आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य) रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतं. रक्तपुरवठा पाहायला उत्तम, पण ते कॅन्सरच्या पेशी हुडकत नाही.

'काहीच अपाय नाही.' ५-एएलएनंतर एक-दोन दिवस प्रखर उजेड टाळावा लागतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पेग्युलिसायनिनवर तर तीव्र अ‍ॅलर्जीचा ठळक इशारा छापलेला आहे.

'चालू गोळ्यांचा काय संबंध?' पॅफोलासायनिनच्या आधी ४८ तास फॉलिक अ‍ॅसिड बंद ठेवावं लागतं, नाहीतर तेच रिसेप्टर अडवून बसतं.

तेव्हा डॉक्टरांना 'चमकणारं औषध देणार का?' एवढंच विचारून थांबू नका. आमच्या रुग्णाची गाठ चमकणाऱ्यांतली आहे का, आणि जिथं चमकणार नाही तिथं तुम्ही कशाच्या आधारानं ठरवणार, हे विचारा.