काळा पाषाण म्हणजे काळा ग्रॅनाइट नव्हे

काळाराम मंदिर ‘काळ्या ग्रॅनाइटचे’ आहे, असे नाशिकमध्ये सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी उभारलेले हे मंदिर बेसॉल्टचे आहे. त्र्यंबकेश्वर मंदिराचा दगडही तोच, आणि पांडवलेणीही त्याच कातळात कोरलेली. जवळपास अख्खा नाशिक जिल्हा बेसॉल्टवर वसला आहे. ग्रॅनाइट उघड्यावर पाहायचा, तर नांदेड, सिंधुदुर्ग किंवा भंडारा-गोंदियाकडे जावे लागते.

दोन्ही खडक अग्निजन्यच. पण ग्रॅनाइटचा शिलारस जमिनीखाली काही किलोमीटर खोल, अतिशय सावकाश थंड झाला. त्यामुळे त्याचे कण मोठे झाले आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बेसॉल्टचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीवर पसरून लवकर निवला, म्हणून त्याचे कण सहसा भिंगाशिवाय कळत नाहीत. काळेपणाचा मात्र या निवण्याशी संबंध नाही. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण 50 टक्के आणि लोह-मॅग्नेशियम भरपूर, म्हणून तो काळा. ग्रॅनाइटमध्ये सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो पांढुरका, करडा किंवा गुलाबी.

मग स्वयंपाकघरातल्या ओट्याचा काळाभोर ‘ग्रॅनाइट’ कोणता? बहुतेकदा तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे घडणीने बेसॉल्टचाच भाऊ, फक्त जमिनीखाली सावकाश निवलेला. बाजारात घासून चकाकणाऱ्या प्रत्येक कठीण दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. भूशास्त्र तसे म्हणत नाही.

ब्रह्मगिरी हा विझलेला ज्वालामुखी आहे, हाही असाच पक्का बसलेला समज. दख्खनचा लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून नव्हे, तर मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर साचत गेला. पावसाने, नद्यांनी ते थर कापले. उरले ते आपले डोंगर. ब्रह्मगिरीचे आडवे टप्पे आणि 1567 मीटर उंच साल्हेरच्या कड्यांवरच्या पट्ट्या हेच सांगतात. या थरांखाली जुना खडक आहेच. कोयना भागातल्या संशोधनासाठीच्या वेधनात सुमारे 930 मीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइटच्या कुळातला खडक लागला.

दगड फुटल्यावर आत चमकणारे पांढरे स्फटिक दिसले, की काहींना तो ग्रॅनाइट वाटतो. ते बहुधा झिओलाइट असतात. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे पोकळ राहिले आणि नंतर खनिजयुक्त पाण्याने ते भरले. पांडवलेणी परिसरातल्या खाणींतले अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिल्बाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशी खनिजे पाहता येतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महागडा गैरसमज म्हणजे बेसॉल्ट सगळीकडे सारखाच. बुडबुड्यांचा, झिजलेला मांजऱ्या खडक पाणी धरतो. त्याखालच्या अखंड पाषाणात भेगा असतील तरच पाणी. म्हणून विहीर किंवा बोअर घेण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आपल्या गावच्या थरांची माहिती जरूर विचारा.