लंगडी घालण्याआधी

तीन वर्षांचं मूल एका पायावर क्षणभर उभं राहतं आणि लगेच भिंत धरतं. साधारण चौथ्या वर्षी तेच मूल एका पायावर दोन-तीन उड्या मारू लागतं. मधल्या काळात बरंच काही घडलेलं असतं. आतल्या कानातल्या द्रव भरलेल्या नलिका डोकं कुठे वळलं ते कळवतात, घोट्याचे स्नायू आणि सांधे पाय कसा पडला ते सांगतात आणि लहान मेंदू या निरोपांची सांगड घालून तोल सावरतो. नुसत्या वाढत्या वयाने हे जमत नाही; त्यासाठी पडावं, धडपडावं लागतं. म्हणूनच सतत कडेवर नाहीतर बाबागाडीत असलेलं मूल पाहिलं की मला काळजी वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी.

यासाठी वेगळा क्लास कशाला? जिना चढू द्या, अंगणात अनवाणी पळू द्या. उजव्या पायावर लंगडी जमली की डाव्यावरही घालायला सांगा. तिथे ते अडखळेल. हात जरूर पुढे करा, पण लगेच उचलून घेऊ नका.