घरगुती मत्स्यालयातील रासायनिक गाळण : सक्रियित कार्बनचे कार्य व मर्यादा

प्रास्ताविक :

घरगुती मत्स्यालयातील पाणी नितळ दिसत असूनही मासे मरतात, हा अनुभव नवख्या मत्स्यपालकास हमखास येतो. फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी आहे, पाण्याला वास नाही, मग मासे का मरावेत, असा प्रश्न त्याला साहजिकच पडतो. सक्रियित कार्बन पाण्यातून काय काढून टाकतो आणि काय काढू शकत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पृष्ठशोषण :

नारळाची करवंटी किंवा दगडी कोळसा हवेच्या अभावी तापवून, त्यावर सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानास वाफेची क्रिया केली असता असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. अशा एक ग्रॅम कार्बनचे अंतर्गत पृष्ठफळ १००० चौरस मीटरच्या आसपास भरते. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय रेणू या छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहतात. स्पंज पाणी शोषतो तशी ही क्रिया नव्हे. हे पृष्ठशोषण होय. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात ॲसिटिक आम्लाचे द्रावण कोळशासह हलवून फ्रॉइंडलिखचा आलेख काढला जातो, तेच तत्त्व येथे लागू पडते. वस्तुतः ही क्रिया मुख्यतः भौतिक आहे. ‘रासायनिक गाळण’ हे नाव केवळ रूढीने पडले. क्लोरीनच्या बाबतीत मात्र खरी रासायनिक अभिक्रिया घडून त्याचे क्लोराइडमध्ये रूपांतर होते. तथापि टाकीतील फिल्टर हे काम करीपर्यंत माशांचे कल्ले क्लोरीनच्या संपर्कात आलेलेच असतात. यास्तव नळाच्या पाण्यातील क्लोरीन ते टाकीत ओतण्यापूर्वीच सोडियम थायोसल्फेटने घालवणे इष्ट.

करवंटीचा कार्बन सर्वोत्तम, असे दुकानांतून सांगितले जाते. पिण्याच्या पाण्यासाठी ते बव्हंशी खरे आहे. परंतु त्याची छिद्रे प्रामुख्याने दोन नॅनोमीटरहून लहान असतात, आणि टाकीच्या पाण्याला पिवळसर झाक आणणारे कुजलेल्या पानांतील व खाद्यातील रेणू मोठे असतात. त्यांच्यासाठी दगडी कोळशापासून केलेला, अधिक रुंद छिद्रांचा कार्बन उपयुक्त ठरतो.

अमोनियाचा प्रश्न :

माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर पडतो. तो रंगहीन असतो, पाण्यात अत्यंत विद्राव्य असतो आणि कार्बनच्या अध्रुवीय पृष्ठभागावर जवळजवळ टिकत नाही. २५ अंश सेल्सिअस तापमानास सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी विषारी, अनायनित अंश सुमारे ०.६ टक्के असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे कूपनलिकेच्या अल्कधर्मी पाण्यात तेवढाच अमोनिया सुमारे नऊपट घातक ठरतो. पाणी दोन्ही वेळा सारखेच नितळ दिसते.

अमोनियाचा खरा निचरा जीवाणू करतात. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा नायट्राइटचे नायट्रेट. नव्या टाकीत ही वसाहत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. ती वाळूवर व स्पंजवर वाढते तशीच कार्बनच्या दाण्यांवरही वाढते. त्यामुळे पृष्ठशोषणाची क्षमता संपलेला कार्बनही नकळत जैविक गाळणाचे काम करीत असतो. कार्बन, स्पंज व वाळू एकाच दिवशी बदलून टाकी ‘स्वच्छ’ केल्यावर त्याच आठवड्यात मासे मरतात, त्याचे कारण बहुधा येथेच सापडते.

गोड्या पाण्यात क्लिनोप्टिलोलाइट हे झिओलाइट अमोनियम आयन धरून ठेवते. (आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधील स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट हीदेखील झिओलाइट कुळातील खनिजे होत.) येथे कार्य घडते ते आयन-विनिमयाने. म्हणूनच आजारी माशांसाठी टाकीत मीठ घातले की सोडियम आयन अमोनियमची जागा घेतात आणि साठलेला अमोनिया पुन्हा पाण्यात येतो. मीठ घालण्यापूर्वी झिओलाइट काढून ठेवणे अगत्याचे आहे.

वापराविषयी :

मिथिलीन ब्लू किंवा मॅलॅकाइट ग्रीन दिले असता कार्बन ते औषधच काढून घेतो; उपचारकाळात तो फिल्टरबाहेर असावा व उपचार संपल्यावर परत घालावा. वापरण्यापूर्वी कार्बन धुऊन त्याची भुकटी काढून टाकावी. वापरलेला कार्बन उकळून किंवा घरच्या ओव्हनमध्ये तापवून पुनरुज्जीवित होत नाही, कारण त्यास मूळ निर्मितीच्या जवळपासचे तापमान लागते. तो कधी बदलावा, यास ठराविक मुदत नाही. टाकीतील माशांची संख्या व खाद्य यांवर ते अवलंबून असते. पांढऱ्या कपात टाकीचे पाणी व दुसऱ्या कपात नळाचे पाणी घेऊन शेजारी ठेवावे. पहिल्यात पिवळसर झाक दिसू लागली की कार्बन बदलावा, मात्र त्या दिवशी स्पंजला हात लावू नये.