साठवणीतील पेट्रोल व विद्युत्‌घट : ‘टिकण्या’चा अर्थ आणि मर्यादा

अंदमानातील आका-बो ह्या भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सीनियर ह्यांचे जानेवारी २०१० मध्ये निधन झाले. अन्विता अब्बी ह्यांनी त्यापूर्वी त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले होते, म्हणूनच ते आज ऐकावयास मिळते. अशा कार्यात ऐन वेळी ध्वनिमुद्रक बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. हुकलेली संधी पुन्हा येईलच असे नाही. तथापि क्षेत्रकार्यास निघताना ध्वनिमुद्रकाची निवड जितक्या विचाराने होते, तितका विचार त्याचे सेल आणि जनित्राचे पेट्रोल ह्यांच्याबाबत होत नाही. मागील खेपेस जे उरले तेच कपाटातून काढून बरोबर घेतले जाते. जे वापरले नाही ते जसेच्या तसे राहिले, असा समज ह्या प्रथेच्या मुळाशी आहे. तो कितपत खरा आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

‘टिकणे’ ह्या क्रियापदाचे दोन अर्थ प्रथम वेगळे केले पाहिजेत. भिंत टिकते म्हणजे उभी राहते. धान्य टिकते म्हणजे खाण्याजोगे राहते. पहिल्यात अस्तित्व अभिप्रेत आहे, दुसऱ्यात योग्यता. पेट्रोल व घट ह्यांच्याबाबतीत योग्यता आधी जाते आणि अस्तित्व मागे उरते. फसगत होते ती ह्यामुळेच. वर्षभर पडून राहिलेले पेट्रोल द्रवरूपच असते, काडी लावल्यास पेटतेही. परंतु त्यावर यंत्र सुरू होईल ह्याची खात्री नसते. जुना सेल मापकावर जवळजवळ पूर्ण दाब दाखवतो, पण अंतर्गत रोध वाढलेला असल्यामुळे यंत्राला जोडताच तो दाब कोसळतो.

१. पेट्रोल

पेट्रोल हे एकच संयुग नव्हे. सुमारे ३० ते २०० अंश सेल्सिअस ह्या मर्यादेत उकळणाऱ्या शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. त्यातील हलके घटक थंड यंत्र सुरू करण्यासाठी आवश्यक असतात आणि नेमके तेच प्रथम उडून जातात. दुसरी प्रक्रिया ऑक्सिडीभवनाची. मिश्रणातील असंतृप्त संयुगे हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून प्रथम पेरॉक्साइडे आणि पुढे राळेसारखा चिकट पदार्थ तयार करतात. हा पदार्थ कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो. पेट्रोलचा रंग गडद होणे व त्याला वॉर्निशासारखा आंबूस वास येणे ही त्याची लक्षणे होत.

तिसरी प्रक्रिया इथेनॉलाशी संबंधित आहे. भारतात २०२५ पासून पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी ह्यांचा जड थर तळाशी जमतो आणि वर कमी प्रतीचे पेट्रोल राहते. इंधनाची नळी टाकीच्या तळाशी असल्याने यंत्रात प्रथम हा खालचा थरच जातो. असे दुभंगलेले मिश्रण नुसते ढवळून पूर्ववत होत नाही.

म्हणून घट्ट झाकणाच्या, काठोकाठ नव्हे पण बहुतांशी भरलेल्या, सावलीत ठेवलेल्या डब्यात इथेनॉलविरहित पेट्रोल साधारण सहा महिने, तर इथेनॉलमिश्रित पेट्रोल सुमारे तीन महिने भरवशाचे मानावे. अर्धा रिकामा डबा उन्हात राहिल्यास ही मुदत काही आठवड्यांवर येते. बाजारात मिळणारी स्थिरकारक द्रव्ये ही मुदत वाढवतात, पण ती ताज्या पेट्रोलमध्येच घालावी लागतात. बिघडलेले पेट्रोल त्यांनी सुधारत नाही. शिवाय उणे ४० अंशांच्या आसपासच्या तापमानातही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विनापरवाना साठ्यावर ३० लिटरांची मर्यादा घातली आहे, हेही ध्यानात असावे.

२. विद्युत्‌घट

घट म्हणजे थोपवून धरलेली रासायनिक विक्रिया होय. मंडल पूर्ण होईपर्यंत ती थांबते, असे आपण मानतो. वस्तुतः ती केवळ मंदावते. लक्लांशे ह्याने १८६६ मध्ये सिद्ध केलेल्या घटापासून उत्क्रांत झालेल्या साध्या शुष्क सेलात जस्ताचे पात्र हेच ऋणाग्र असते. ते आतून झिजत राहते व अखेर सच्छिद्र होऊन गळू लागते. असा सेल दोन-तीन वर्षे उपयोगी राहतो. अल्कधर्मी सेल पाच ते दहा वर्षे टिकतो; परंतु त्यातही हळूहळू हायड्रोजन वायू निर्माण होतो, त्याच्या दाबाने बूच फुटते आणि बाहेर आलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड यंत्राचे स्पर्शक खाऊन टाकते. यंत्रात विसरलेला सेल कपाटातील सेलापेक्षा अधिक घातक, तो ह्या कारणाने. लिथियमाच्या एकवार वापरावयाच्या सेलांची मुदत दहा ते वीस वर्षांची असते.

पुन्हा भारित करता येणाऱ्या घटांचे वर्तन निराळे आहे. जुन्या पद्धतीचा निकेल-मेटल-हायड्राइड घट महिनाभरात पाव हिस्सा भार गमावू शकतो. २००५ पासून मिळू लागलेले सुधारित प्रकार वर्षानंतरही सुमारे तीन चतुर्थांश भार राखतात. शिसे-अम्ल घटमाला रिकामी राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक बसतात व ती कायमची निकामी होते. म्हणून विश्रांत स्थितीत दाब १२.४ व्होल्टपर्यंत उतरला की ती पुन्हा भारित करावी. १९९१ पासून प्रचारात आलेला लिथियम-आयन घट ह्याच्या उलट स्वभावाचा. तो पूर्ण भारित ठेवणे त्यास मानवत नाही आणि पूर्ण रिकामा ठेवणेही नाही. चाळीस ते पन्नास टक्के भार ही त्याच्या साठवणीची योग्य स्थिती होय. २५ अंश तापमानात अशा स्थितीत वर्षभरात त्याची धारणशक्ती जेमतेम चार टक्क्यांनी घटते. पूर्ण भारित अवस्थेत मात्र ही घट वीस टक्क्यांच्या घरात जाते.

३. उष्णता

वरील सर्व प्रक्रियांना जोडणारा धागा उष्णतेचा आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा विक्रियांचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. मेळघाटात कोरकूचा किंवा गडचिरोलीत माडियाचा अभ्यास करणारे पथक बहुधा मे महिन्याच्या सुटीत निघते. त्या वेळी विदर्भातील तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. म्हणजे २५ अंशांच्या खोलीच्या मानाने झीज चौपट वेगाने होते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तर ह्याहूनही अधिक. सेल शीतकपाटात ठेवण्याचा उपाय मात्र फारसा लाभदायक नाही. बाहेर काढताच त्यांवर दव जमते. थंड व कोरडी जागा एवढे पुरे.

ह्यावरून व्यवहारासाठी चार गोष्टी निष्पन्न होतात. डब्यावर व घटावर खरेदीची तारीख लिहावी. काम संपताच यंत्रातील सेल काढून ठेवावेत. घटाची परीक्षा नुसत्या दाबावरून न करता यंत्र काही काळ प्रत्यक्ष चालवून करावी. मागील हंगामाचे पेट्रोल क्षेत्रकार्यास नेऊ नये.

सेलावर छापलेल्या तारखेविषयीही एवढेच म्हणता येईल. ती विधानार्थी दिसते, पण तिचा अर्थ संकेतार्थी आहे. ‘जर थंड, कोरड्या जागी व न वापरता ठेवले तर’ हा पूर्वार्ध तिच्यात अध्याहृत असतो. तो पाळला गेला नसेल, तर उत्तरार्धावर विसंबून निबिड अरण्यातील वृद्ध भाषकासमोर बसणे हे अभ्यासकाला परवडणारे नाही.