इंजिन नसलेली गाडी आणि आमचे मामंजी

आमचं कोगनोळी गाड्यांच्या आवाजात जगणारं गाव आहे. कागल मागं टाकून दूधगंगा ओलांडली की कर्नाटक सुरू होतं आणि पुणे-बंगळूर महामार्गावरचा टोलनाका लागतो. आमच्या गावाचं नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते या नाक्यामुळं. एकामागं एक एमएच ०९ आणि केए २३ रांगेत उभ्या असतात. सीमाप्रश्नाचं आंदोलन पेटलं की पोलिसांची गाडी पहिली इथंच आडवी लागते. गावातल्या शेंबड्या पोरालाही आवाजावरून ट्रक कुठला, ट्रॅक्टर कुठला हे कळतं. मला मात्र लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी लाल गाडी आणि पांढरी गाडी एवढाच फरक कळायचा.

अशी मी बालवाडीची बाई दिल्लीला जाऊन स्पोर्ट्स कार बघून आले, असं सांगितलं तर माझ्या माहेरी अजून कुणी विश्वास ठेवत नाही. पण गेले होते खरी. २०१८ च्या फेब्रुवारीत. सोबत अकरावीतली लेक आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे. घरधनी साखर कारखान्यात. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम, रजा मिळायचा प्रश्नच नव्हता. म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

घरातलं भांडण

दिल्लीला जायचं कारण काही हौसमौज नव्हती. घरात दोन महिने भांडण धुमसत होतं. लेकीनं जाहीर केलं होतं की मला इंजिनिअरिंगला जायचं नाही, गाड्यांचं डिझाइन शिकायचं आहे. तिच्या बाबांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय करणार? चित्रं काढणार?" मामंजी तर त्याहून कडक. "गाडी कागदावर होत न्हाई पोरी. गाडी मातीत होती, वाळूत होती, भट्टीत होती."

मामंजींना हे बोलायचा अधिकार होता. ते मूळचे सुतार. तरुणपणी बैलगाडीची चाकं केली, पुढं कोल्हापूरच्या फौंड्रीत पॅटर्न मेकर म्हणून चिकटले आणि तीस वर्षं तिथंच घासली. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याच्यासारखा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण नमुना वाळूतून निघताना कड ढासळू नये म्हणून त्याच्या बाजूंना किंचित ढाळ द्यावा लागतो. रस गार होताना लोखंड आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्या सेंटिमीटरपेक्षा एक टक्क्यानं मोठा. मामंजींची ती स्टीलची पट्टी आमच्या देवघराच्या कोनाड्यात असते. लेकीनं लहानपणी एकदा ती शाळेत नेली आणि भूमितीच्या पेपरात सगळी मापं चुकवून आली, तो किस्सा घरात अजून निघतो.

मामंजींच्या लेखी जगात उत्तम गाडी एकच. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक. राजाराम महाराजांच्या काळातली ती जर्मन गाडी शाही दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटण्याआधी लोक तिलाच बघून घेतात. मामंजी दरवर्षी जात. "बघ, एवढी वर्सं झाली, पण कुठं एक रेघ चुकल्याली हाय का?" असं प्रत्येक वेळी म्हणत.

शेवटी लेकीनंच तोडगा काढला. "आजोबा, एकदा माझ्यासोबत गाड्यांचं प्रदर्शन बघा. त्यानंतर नाही म्हणालात तर मी गप्प इंजिनिअरिंगचा फॉर्म भरते." सीमाभागातल्या मुलांसाठी महाराष्ट्रात काही जागा राखीव असतात. त्या दाखल्याची कागदपत्रं तिच्या बाबांनी आधीच जमवायला घेतली होती. पैज लागली. मिरजेला गोवा एक्स्प्रेस पकडली. डब्यात भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी.

पहिलं दर्शन

पूर्वी हे प्रदर्शन दिल्लीत प्रगती मैदानावर भरायचं. १९९८ साली इंडिका आणि २००८ साली नॅनो लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती तिथंच. २०१४ पासून मोटारी ग्रेटर नोएडाला गेल्या. शनिवारचा दिवस होता. गर्दी म्हणाल तर जोतिबाच्या चैत्र यात्रेसारखी, फक्त गुलाल नव्हता. प्रत्येक कंपनीच्या मांडवात झगझगीत दिवे, छातीत धडधडणारं संगीत. मामंजी पांढरा सदरा, धोतर, डोक्याला पटका अशा वेशात. चार-पाच पोरांनी गाड्या सोडून त्यांच्यासोबतच फोटो काढून घेतले.

लेकीला बघायची होती टाटांची रेसमो. दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार. आदल्या वर्षी, मार्च २०१७ मध्ये, ती स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जगापुढं आली होती. तेव्हाचं कात्रण लेकीच्या वहीत होतं. १२०० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, तेही पुढं नाही तर माणसांच्या पाठीमागं. ताकद १९० अश्वशक्ती आणि शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. टाटांची मोटार म्हटल्यावर आम्हाला पिंपरी आठवते, पण हिचा आकार इटलीतल्या तुरीन शहरातल्या टाटांच्याच स्टुडिओत घडला होता. दिल्लीत नवलाई अशी की आता तिची बॅटरीवर चालणारी नवी आवृत्तीही आणली होती.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मनात काय आलं ते खरंच सांगते. मला वाटलं, ही गाडी उभी नाही, दबा धरून बसली आहे. मांजर उंदरावर झेप घेण्याआधी मागचा भाग उचलून बसतं ना, तशी. उंची माझ्या छातीएवढीही नाही. दारं आपल्या गाडीसारखी बाजूला न उघडता फुलपाखराच्या पंखांसारखी वर जाणारी. दुसरा विचार अगदी बायकी आला, यात बाजाराची पिशवी कुठं ठेवायची? तिसरा विचार मात्र गाडीचा नव्हता. माझी लेक त्या दोरीला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दहावीच्या निकालालाही नाही.

मामंजी दोरीच्या कडेकडेनं फिरत होते. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले, एक डोळा मिटला आणि गाडीच्या अंगावरच्या रेघेवर नजर लावली. रंधा मारल्यावर फळी बघतात तशी. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आजोबा, कशी आहे?"

"रेघ सरळ हाय. बोनेटापास्नं निघाल्याली पार मागं जाईस्तोवर कुठं अडखळत न्हाई. हे कुणी कागदावर काढल्यालं न्हाई. हाताखालनं गेलंय."

लेक हसली. तिला हेच सांगायचं होतं. तिनं सांगितलं की गाडीचा आकार ठरवताना डिझाइनवाले खास मातीचं मॉडेल करतात. आधी लहान, मग खऱ्या गाडीएवढं. माती भट्टीत गरम करून मऊ करतात, फोमच्या सांगाड्यावर थापतात आणि पात्यांनी खरवडत खरवडत रेघ आणतात. संगणक आले तरी हे हाताचं काम सुटलेलं नाही. कारण दिव्याचा उजेड वळणावरून कसा सरकतो, हे पडद्यावर तितकं नीट कळत नाही.

मामंजींनी विचारलं, "पाती कसली वापरत्यात?" तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "ह्ये तर आमचंच की."

तिथंच पैज लेकीनं जिंकली, असं मला वाटलं. पण गोष्ट इतक्यात संपायची नव्हती.

"हिचं इंजिन कुठाय?"

मामंजी पुढच्या गाडीकडं सरकले, ती बॅटरीवाली. तिथल्या सूटबूट घातलेल्या पोराला त्यांनी मराठीतच विचारलं, "बाळ, हिचं इंजिन कुठाय?" तो पोरगा नशिबानं पुण्याचा निघाला. म्हणाला, "आजोबा, हिला इंजिनच नाही. मोटर आहे आणि बॅटरी."

मामंजींचा चेहरा पडला. आम्ही बाजूला येऊन बाकावर बसलो. लेक पाणी आणायला गेली तेव्हा ते मला म्हणाले, "इंजिन न्हाई म्हंजी ब्लॉक न्हाई. ब्लॉक न्हाई, हेड न्हाई, मॅनिफोल्ड न्हाई, फ्लायव्हील न्हाई. मग आमच्या शिरोलीनं, गोकुळ शिरगावानं वतायचं काय?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पण प्रश्न किती खोल आहे ते कळलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, इकडं बेळगावचं उद्यमबाग. या पट्ट्यात ओतकामावर किती चुली पेटतात ते मोजायला नको. आमच्या गल्लीतच चार घरं आहेत. सकाळी दूधगंगेचा पूल ओलांडून महाराष्ट्रात कामाला जायचं आणि संध्याकाळी कर्नाटकात झोपायला यायचं.

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही मामंजींच्या हट्टानं प्रगती मैदानावर गेलो. मोटारी नोएडाला गेल्या तरी सुट्या भागांचं प्रदर्शन तिथं भरलं होतं. संगीत नाही, गर्दी नाही, टेबलांवर मांडलेले लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे तुकडे. मी कंटाळले, पण मामंजींना पंढरी भेटली. एकेक कास्टिंग हातात घेऊन, उलटंपालटं करून, नखानं वाजवून बघत होते. इथं कुणी दोरी बांधली नव्हती. तासाभरानं माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ब्रेकचा ड्रम ऱ्हातुया. चाकाचा हब ऱ्हातुया. मोटरला बी घर लागतंया, पर ते ॲल्युमिनियमचं. समदं जात न्हाई. पर शिकाय लागंल नव्यानं." मग थोडं थांबून म्हणाले, "पोरीला जाऊ दे. नव्यानं शिकणारं कुणीतरी घरात पायजे."

पुढं काय झालं

आता हिशेब सांगायला हवा. ती रेसमो कधी बाजारात आलीच नाही. इंजिनवालीही नाही आणि बॅटरीवालीही नाही. त्याच मांडवात एच५एक्स आणि ४५एक्स अशा विचित्र नावांच्या दोन गाड्या होत्या, ज्यांच्याकडं आम्ही नीट बघितलंही नाही. त्या मात्र आल्या. पहिली २०१९ मध्ये हॅरिअर होऊन, दुसरी २०२० मध्ये अल्ट्रोझ होऊन. आणि बॅटरीची गाडीही त्याच २०२० च्या जानेवारीत आली, पण स्पोर्ट्स कार म्हणून नव्हे, चारचौघांची नेक्सॉन म्हणून. आज आमच्या टोलनाक्यावर ती आवाज न करता रांगेत उभी असते. पिशवी ठेवायला जागा असलेली.

लेकीची वाटही अशीच झाली. आयआयटीच्या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेत तिचा नंबर लागला नाही. आठ दिवस जेवली नाही. मग पुण्यातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, फी ऐकून यांनी डोक्याला हात लावला. बँकेचं कर्ज काढलं, वर आणखी लागले ते माझ्या पाटल्या मोडून भरले. कर्जाचे हप्ते अजून सुरू आहेत. मधली दोन वर्षं करोनात गेली, मातीकाम शिकायचं ते घरात बसून मोबाइलवर. आता ती पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसात आहे. स्पोर्ट्स कार नाही करत. ट्रॅक्टरच्या सीटचा आकार करते. पहिल्यांदा ऐकून मला वाईट वाटलं. मामंजींना नाही. "ट्रॅक्टरवर माणूस धा तास बसतंय. त्येची पाठ दुखू नये ह्ये काय ल्हान काम हाय?"

जाताना त्यांनी तिला कोनाड्यातली ती पट्टी दिली होती. तिनं मापाला वापरू नये, अशी ताकीद देऊन.

मामंजी आता पंच्याऐंशीच्या पुढं गेलेत. कानानं कमी ऐकू येतं. दुपारी सोप्यात बसून रस्त्याकडं बघत असतात. दारावरून एखादी नवी गाडी गेली की मला हाक मारतात. "सूनबाई, काय आवाज आला का गं? मला ऐकू आलं न्हाई का तिला इंजिनच न्हाई?"

दहातल्या तीन वेळा तरी मला खरंच सांगावं लागतं, "मामंजी, तुमचा कान ठीक आहे. तिला इंजिनच नव्हतं."